पुढची काच

क्रोमनं मला ओळखलं नाही. खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं जोडायच्या मोटारींचे डबे छतापर्यंत रचलेले असतात, तिथं तो माझ्यापासून दीड हातावर उभा होता. त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं, चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "जरा सरकता का? मला तो खालचा चिमटा हवाय." मी सरकलो. बावीस वर्षं ज्या माणसाला मी रोज सकाळी दात घासताना एकदा ठार मारत आलो, त्यानं मला सरकायला सांगितलं आणि मी सरकलो! कानांच्या पाळ्या तापल्या. खोलीत प्लास्टिकच्या डिंकाचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास होता, आणि त्या वासाबरोबर सगळं वर आलं : वाचनालयाचा वरचा हॉल, खुर्च्यांचा आवाज, माझ्या बायकोनं तोंडावर ठेवलेला हात. माणूस आपल्याला विसरतो म्हणजे काय करतो? आपण त्याच्यासाठी एवढी वर्षं मनात खोली राखून ठेवलेली असते, रोज झाडून पुसून. आणि त्याला त्या घराचा रस्तासुद्धा माहीत नसतो. क्रोम वाकला, चिमटा उचलला आणि तो त्याच्या बोटांतून सुटून फरशीवर टणकन पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी उचलून त्याच्या हातात दिला. तेव्हा पाहिलं, त्याचा उजवा हात थरथरत होता. आख्ख्या शहरात कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, चकचकीत क्रोमची फॉइल वीतभर मोटारीच्या कडेला सुरकुती न पाडता बसवणारा एकच हात होता, त्यावरून त्याला क्रोम हे नाव पडलं होतं, आणि तो हात आता वाऱ्यावरच्या कागदासारखा फडफडत होता. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

"तुमचा हात छान स्थिर आहे हो," तो म्हणाला. "काय करता?"

"घड्याळजी होतो," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. माझं असंच आहे, खरं बोलायला मला दोन क्षण लागतात आणि खोटं आधीच जिभेवर येऊन बसलेलं असतं. "टॉवरचं मोठं घड्याळ आहे ना, त्याच्या काट्याला पट्ट्यानं लटकून ते दुरुस्त केलंय मी. सव्वानऊ ते साडेदहा लटकत होतो. काटा सरकेल तसा मीही सरकत होतो."

"अरे वा," क्रोम म्हणाला. त्याला ते खरं वाटलं. मग तो आपणहूनच सांगत सुटला, म्हाताऱ्यांना ऐकणारा भेटला की सुटतात तसा. छोट्या मोटारींचं मंडळ यंदाच्या स्पर्धेत त्याचा सत्कार करणार होतं. त्याच्या सगळ्या गाड्या मांडणार होते, आणि मधल्या पेटीत ठेवायला एक नवी गाडी हवी होती. एक होती, पण अर्धी. एकोणसाठची कॅडिलॅक, मागे माशाच्या परांसारखे उंच पंख असलेली. थोडंच काम राहिलं होतं पण हात ऐकत नव्हता. "तुम्ही याल का चार-पाच दुपारी? मी सांगेन, तुम्ही करा." मी म्हणालो, येईन की.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती खिडकीशी बसून बटणं लावत होती. "क्रोम भेटला," म्हणालो. ती म्हणाली, "कोण क्रोम?" पाहा म्हणजे. जिच्यादेखत माझी लाज गेली ती विचारते कोण क्रोम. मग तिला आठवलं. "तो होय, आरसेवाला. बरा आहे का?" "त्यानं मला ओळखलं नाही." "मग सुटलात की." "मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याची गाडी पुरी करून द्यायला." तिनं दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे पाहत राहिली. "अहो, तुमच्या मनात काय आहे?" "दया," मी म्हणालो. ती इतकी हसली की बटणांची डबी उलटली. "तुमच्या तोंडून खरं निघालं ना, तर कवळी निखळल्यासारखं वाटेल." कवळी म्हणाली ती. सहज म्हणाली. पण तो शब्द घरात कुणी उच्चारला की मी अजून दचकून मागं वळतो.

मी कवळ्या बनवायचो. चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी मेणात दात रोवले, साचे ओतले, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत केल्या. शहरातलं अर्धं हसू माझ्या टेबलावरून गेलं आहे. सर्कशीतल्या म्हाताऱ्या वाघालाही मी एक बसवली होती, पण ते राहू दे. घासणं मला येतं. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग दगडाची पूड, मग फिरतं नमद्याचं चाक, की वस्तू स्वतःच प्रकाश द्यायला लागते. क्रोमवरचा राग मी तसा घासला होता. बावीस वर्षांपूर्वी मी मंडळाच्या स्पर्धेत माझी पहिली मोठी गाडी ठेवली होती, पन्नासची ब्यूइक. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो, तिच्या तोंडाला जाळी नसते, दात असतात, जाडजूड, चकचकीत, एखाद्या सावकारानं हसावं तसे. कवळ्या बनवणाऱ्यानं दुसरी कुठली गाडी निवडावी? डब्यातले प्लास्टिकचे दात मी फेकून दिले आणि कवळीच्या तारेच्या धातूचे एकेक दात कापून, घासून बसवले. चार महिने लागले. परीक्षक क्रोम होता. गाडीच्या पोटाखाली पाहायला तो दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा वापरायचा. तो आरसा मीच त्याला दिला होता, प्रेमानं. तो वाकला, पाहिलं, आरसा सरकवला, आणि मान वर करून हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाला, "दात अप्रतिम! दातांना काही म्हणायचं नाही. पण मंडळी, ह्या मोठ्या ब्यूइकच्या पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला हवेची भोकं किती असतात? दोन्हीकडे चार-चार. इथं उजवीकडे चार आहेत आणि डावीकडे तीन. कवळीवाल्यानं वरचे दात मोजले आणि खालचे मोजायचे विसरला!" हॉल फुटला. मी बायकोकडे पाहिलं, ती तोंडावर हात ठेवून हसत होती. डावीकडे तीनच होती, हो. ते खोटं नव्हतं. चार महिने मी दातांकडे पाहत बसलो आणि एक भोक पाडायचं राहून गेलं. राग त्याचा नव्हता. राग त्याच्या सफाईचा होता. ते वाक्य त्यानं तिथल्या तिथं केलं नव्हतं, घासून आणलं होतं. त्या दिवसापासून मंडळात "या, कवळी!" "काय कवळी, आज खालचे मोजले का?" मी जाणं सोडलं. पुन्हा एकही गाडी केली नाही.

क्रोमच्या खोलीत टेबल खिडकीला लावलेलं होतं, वर भिंगाचा दिवा, बाजूला रंगाच्या इवल्या बाटल्या, झाकणांवर ज्याच्या त्याच्या रंगाचा थेंब. त्याची मुलगी शाळेत शिकवायची, तिनं दार उघडलं आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "काका, तुम्ही आलात फार बरं झालं. आई गेल्यापासून आठ वर्षं बाबा ह्या टेबलाशी बसलेच नव्हते." मी चपला काढत होतो, चेहरा खाली होता, तेच बरं. गाडी बुटांच्या खोक्यात फडक्यात गुंडाळलेली होती. सायीसारखा रंग, दुधावर सकाळी धरते तशा सायीसारखा. पुढची मोठी वळलेली काच आतून बसवून झालेली, पण गाडीचा टप आणि तळ अजून जोडलेले नव्हते. "काच त्याच वेळी लावली होती," क्रोम म्हणाला. "मग राहिलंच." मी गाडी हातात घेतली आणि माझी बोटं, माझी स्वतःची बोटं, माझ्याशी बेइमान झाली. बावीस वर्षांनंतर त्या वजनाला, ते वजन म्हणजे एका चिमणीएवढं असेल, त्याला ती अशी लागली की जणू कुणी थांबवलंच नव्हतं. "कडेपासून सुरू करा. फॉइल ओढू नका, ठेवा. नुसती ठेवा, ती आपोआप बसते. काडीनं दाबा. नाही, लाकडाच्या नाही, कापसाच्या." तो सांगायचा आणि मी करायचो. काडीच्या टोकाएवढे लाल दिवे मी पंखांच्या ढुंगणावर बसवले तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून, लहान मुलाला पहिल्यांदा सायकलवर सोडल्यासारखा श्वास रोखून बसला होता. दिवे बसले. "घड्याळजी," तो म्हणाला, "तुम्ही मला तीस वर्षं आधी का नाही भेटलात?" त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. कारण मला ते आवडलं होतं. राग अंगावर नीट घालून आलेला माणूस तो खुंटीवर टांगून कामाला लागला की जाताना विसरतो, आणि तिसऱ्या दुपारी मी तो विसरून घरी आलो होतो. जेवताना बायको म्हणाली, "आज तुम्ही गुणगुणताय." मी मोठा घास तोंडात भरला.

चौथ्या दुपारी क्रोमनंच तो राग माझ्या खांद्यावर परत आणून टाकला. चहा झाला होता. तो खुशीत होता. "तुम्हाला एक गंमत सांगतो," म्हणाला. "आमच्या मंडळात एक होता, कवळी म्हणायचे त्याला. कवळ्या बनवायचा. बढाईखोर. वाघाला दात बसवले म्हणायचा!" आणि त्यानं माझी गोष्ट मला सांगितली. सगळी सांगितली. फक्त माझ्या ब्यूइकचे दात त्यानं लाकडाचे करून टाकले आणि भोकं डावीकडे दोन. "नंतर आलाच नाही बिचारा," तो डोळे पुसत म्हणाला, हसून डोळे भरले होते. "गेला असेल. काय ते त्याचे दात!" लाकडाचे. मी मान डोलावली, "असतात एकेक," म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. दात लाकडाचे केले म्हणून मला सर्वांत जास्त लागलं, हे मी कुणाला सांगू? अपमान करायचा तर निदान नीट लक्षात ठेव.

काय करायचं ते मला त्या चहाच्या कपाशीच सुचलं. ह्या कामातला पहिला धडा असा की काचेजवळ सुपरग्लू आणायचा नाही. त्याची वाफ अदृश्य असते, पण बंद जागेत ती काचेवर बसते आणि पारदर्शक प्लास्टिक दह्यासारखं पांढरं होतं. नवखी माणसं हे करतात. एकदा करतात, रडतात, पुन्हा कधी करत नाहीत. क्रोमच्या सत्काराच्या दिवशी, मधल्या पेटीत, सगळ्या मंडळापुढे क्रोमची काच पांढरी. काय म्हणतील? म्हातारा पहिला धडा विसरला. मोजायचं विसरला. मग मी खुर्चीजवळ जाऊन त्याच्या कानाशी वाकणार आणि म्हणणार, "ते दात धातूचे होते. मी कवळी." एवढंच. हे वाक्य मी बसथांब्यावर म्हणून पाहिलं, न्हाणीघरात म्हणून पाहिलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. 'मी' आधी घ्यावा की 'दात' आधी, ह्यावर दोन दिवस घालवले.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी टप आणि तळ जोडून मीच गाडी हॉलवर नेली. तोच हॉल, वाचनालयाच्या वरचा; खुर्च्या नव्या, छत तेच. क्रोमची मुलगी बाकीच्या पेट्यांवर नावाच्या पाट्या लावत होती. "काका, मधली तुम्हीच ठेवा, माझा हात लागला तर बाबा मला घरात घेणार नाहीत." काचेच्या पेटीच्या लाकडी तळाला मागून एक पोकळ कप्पा होता, वर पेटीत उघडणारा. त्यात मी बाटलीच्या झाकणात वीसेक थेंब सुपरग्लू ठेवला, शेजारी ओल्या कापसाचा बोळा, कारण ओल असली की वाफ चटकन धरते. गाडीच्या दोन्ही खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या होत्याच. पेटीच्या कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. "धूळ जायला नको," मी मुलीला म्हणालो. ती म्हणाली, "किती करता हो तुम्ही बाबांसाठी!" आणि माझा हात, चाळीस वर्षं मेणात केसाएवढी रेघ मारणारा माझा हात, पहिल्यांदा थरथरला. मी तो खिशात घातला.

सकाळी काच पांढरी झाली होती. मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि पाहिली. साय रंगाची ती देखणी गाडी, पंख ताठ, दिवे लाल, आणि समोर मोतीबिंदू झालेला डोळा. मला गाणं म्हणावंसं वाटलं. चिकटपट्टी काढली, पेटीची काच आतून पुसली, बाटलीचं झाकण आणि बोळा खिशात टाकला आणि कोपऱ्यातल्या खांबाला टेकून उभा राहिलो. मंडळी आली, सगळे नवे चेहरे, थबकली, कुजबुजली. परीक्षक एक तरुण बाई होती, खऱ्या मोटारींच्या कारखान्यात रंगाचं खातं सांभाळणारी. तिनं वाकून पाहिलं, नाक पेटीच्या फटीशी नेलं. "सुपरग्लू," ती हळूच म्हणाली, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी म्हणालं, "क्रोमनं? शक्यच नाही." दुसरा म्हणाला, "अहो वय झालं आता." आणि मागून एक बारीकसं हसू आलं. एकच, पण मी ते ओळखलं, त्याची जात ओळखली. क्रोम मुलीच्या हाताला धरून आला. गर्दी बाजूला झाली. मी खांब सोडला. त्यानं पेटीत पाहिलं आणि त्याचा चेहरा तसा पडला जसा बावीस वर्षं मी मनात पाडत आलो होतो. मी जवळ गेलो. वाकलो. 'दात' आधी घ्यायचं ठरलं होतं. तोंड उघडलं.

त्यानं माझं मनगट धरलं. "घड्याळजी," तो कुजबुजला, "हे बघा. हे इथं. दिसतंय ना तुम्हाला?" पांढऱ्या काचेच्या मधोमध, आतल्या बाजूनं, एक अंगठा उमटला होता. वाफ बाकी काचेवर धुक्यासारखी बसली होती, पण तिथं ती रेषारेषांनी दाट बसली होती, लहानसा अंगठा, एकेक वळण मोजता येईल असा, आणि त्याच्या आरपार एक तिरपी रेघ. "चाकूनं कापलं होतं हिच्या आईला. लग्नाच्या आधी," क्रोम म्हणाला. "ही काच आठ वर्षांपूर्वीची. मी डिंक लावत होतो आणि ती काच धरून होती. हात तेलकट तिचा. ओरडलो मी तिच्यावर. म्हणालो, धरता येत नाही तर येतेस कशाला, सगळी काच खराब केलीस. पुसली मी. वाटलं, निघाला ठसा. मग ती उठून गेली, आणि पुढच्या आठवड्यात…" त्याची बोटं माझ्या मनगटावर थरथरत होती आणि त्यामुळे माझाही हात थरथरल्यासारखा दिसत होता. "इथंच होती," तो म्हणाला.

मला विलक्षण संताप आला. असं कुणाच्या बाबतीत होतं का? मी विष दिलं आणि ह्याला ते औषध म्हणून लागू पडलं. मी वाक्य पुन्हा तोंडात जुळवलं, आणि तेवढ्यात ती परीक्षक बाई पेटीचं झाकण उचलून, कापसाच्या काडीवर कसलंसं तेल घेऊन पुढे झाली. "आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. हे पुसून निघतं. दोन मिनिटांत लख्ख करून देते." क्रोमनं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. नुसता हात हलत होता. काडी खिडकीतून आत चालली होती. मी तिचं मनगट पकडलं.

"हात लावू नका," मी म्हणालो. ओरडलोच म्हणायला हवं. मी स्वतःला सांगत होतो की ती पुसते म्हणजे माझा सूड पुसते. काच लख्ख झाली की क्रोम पुन्हा क्रोम. हेच सांगत होतो. बाई दचकली. "पण मग गाडी स्पर्धेबाहेर जाईल." "जाऊ दे," मी म्हणालो. क्रोमनं जोरानं मान हलवली, जाऊ दे.

दिवसभर मी त्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि कुणालाही झाकणाला हात लावू दिला नाही. क्रोम शेजारच्या खुर्चीवर. येणारा प्रत्येक जण विचारायचा, काच पांढरी का? आणि मी सांगत होतो. एकाला सांगितलं, ही गाडी डोंगरावरून आणलीय, तिथलं धुकं आत अडकलंय. एकाला सांगितलं, आत बसलेल्यांनी श्वास सोडलाय, थंडी आहे ना. लोक हसत होते, वाकून पाहत होते, अंगठा दिसला की गप्प होत होते. क्रोम नुसता ऐकत होता. मग चष्मेवाल्या एक प्रौढ बाई आल्या, बराच वेळ वाकून पाहत राहिल्या आणि विचारलं, "ही केली कुणी?"

"ह्यांच्या बायकोनं," मी म्हणालो. बघा, जीभ. पण ह्या वेळी ती नेमकी गेली, मला हव्या त्या जागी. चाळीस वर्षांचं नाव मी एका वाक्यात त्याच्या अंगावरून काढून घेतलं, हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, त्याच हॉलमध्ये. "सगळी तिनंच केली. हे नुसते काच धरून होते." आणि मी त्याच्याकडे वळून पाहिलं. दुखावं म्हणून पाहिलं.

"हो," क्रोम म्हणाला. "धरतासुद्धा नीट येत नव्हती मला."

"मग पाटीवर ह्यांचं नाव कसं?" बाईंनी विचारलं. क्रोमनं खिशातून पेन काढलं, पाटीवर टेकवलं, पण टोक नावाच्या वर-खाली भरकटत राहिलं. त्यानं पेन माझ्यापुढे केलं. "मला नाही जमत. तुम्हीच खोडा."

मी खोडलं. मग त्यानं तिचं नाव सांगितलं आणि मी ते वर लिहिलं, एकेक अक्षर, सावकाश, कारण तो शेजारी वाकून पाहत होता.